मोबाइल आणि इंटरनेट : दोन जाळ्यांची निराळी घडण

भिवंडीहून वाड्याकडे निघालेला एसटीतला प्रवासी अंबाडी नाका येताच घरी ‘मिस्ड कॉल’ देई. पैसे उचललेल्या कॉलचेच पडत, म्हणून घंटी हाच निरोप. ही युक्ती मोबाइलच्या घडणीतूनच सुचली. तेथे सिमकार्डाची ओळख पटवणे, धावत्या बसमध्ये टॉवर बदलला तरी संभाषण टिकवणे आणि आकारणी करणे, सारे कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे असते. इंटरनेटचे जाळे केवळ माहितीची पाकिटे पोहोचवते. बुद्धी टोकांवरील संगणकांत. त्यामुळे नवी सेवा काढणाऱ्यास जाळ्याच्या मालकाची परवानगी मागावी लागत नाही.

मोबाइलची मानके १९९८ पासून ‘थ्रीजीपीपी’ सभासद संस्थांमार्फत ठरवते. इंटरनेटची ‘आयईटीएफ’, जिच्या चर्चेत कोणीही सामील होऊ शकतो. भारतात सर्वसामान्यांसाठी दोन्ही सेवा १९९५ सालीच आल्या. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि नाक्यावरचा निरोप व्हॉट्सॲपने जाऊ लागला.