पिशवी धरणारे हात

कोपनहेगन मी पाहिलेले नाही. तरी त्या गावाशी माझे नाते आहे, आणि ते जडले एका रबरी पिशवीमुळे. मुलांच्या अतिदक्षता विभागात मी पंचवीस वर्षे परिचारिका होते. श्वास थांबलेल्या मुलाला श्वास द्यायची आमची ‘अम्बू’ पिशवी १९५६ साली डेन्मार्कमध्येच निघाली. पण त्या देशाने पिशवीचा खरा इतिहास घडवला तो त्याआधी चार वर्षे.

१९५२ साली कोपनहेगनात पोलिओची भयंकर साथ आली. रोग्यांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडू लागले. ब्लेगडाम इस्पितळात ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणत ते यंत्र एकच होते. छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. मग २७ ऑगस्टला विवी नावाच्या बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद घेऊन नळी बसवण्यात आली, आणि ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने पिशवी दाबून त्या नळीतून हवा भरली. मुलगी जगली. पण पिशवी दाबायची म्हणजे रात्रंदिवस हात हवेत! वैद्यकीच्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने ते दिले. एका वेळी सत्तर-सत्तर रोगी त्या हातांवर जगत होते. पुढच्याच वर्षी इब्सेनने अतिदक्षता विभाग काढला. १९५५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गला खास मुलांसाठी निघाला. आमचा वॉर्ड त्याच घराण्यातला.

मी मात्र अडते ती त्या विद्यार्थ्यांपाशी. दिवसा ते मुलांना गोष्टी वाचून दाखवीत. रात्री वॉर्डातला उजेड अगदी मंद असे, आणि तेवढ्यात आपला रोगी गेल्याचे समजतही नसे. पिशवी दाबली की छाती वर येतेच. जिवंताची येते, तशी मेलेल्याचीही. उजाडल्यावर कळे, की आपण कितीतरी वेळ प्रेतालाच श्वास देत होतो.

हे वाचले आणि मला माझी पहिली अशी रात्र आठवली. चार वर्षांची पोर. डॉक्टरांनी मान हलवली, तरी माझा हात थांबेना. थोरल्या सिस्टरांनी हलकेच पिशवी सोडवून घेतली. ‘‘चल, तिचे तोंड पुसू,’’ एवढेच म्हणाल्या. आम्ही तिला पुसले, वेणी घातली, मग तिच्या आईला आत बोलावले. नंतर सिस्टरांनी मला चहा पाजला आणि शेजारच्या खाटेपाशी उभे केले. फार निष्ठुर वाटल्या तेव्हा. पुढे मीही नव्या मुलींना तसेच वागवले. कारण कामाला लागलेले हात माणसाला सावरतात, हा माझा अनुभव होता.

तो सर्वांचा नसतो. एक मुलगी अशीच चहा पिऊन निमूट दुसऱ्या खाटेपाशी गेली. सहा महिने ती कधी रडली नाही, कधी चुकली नाही, आणि एका सकाळी राजीनामा ठेवून निघून गेली. मला तिच्या शिस्तीचे कौतुक वाटत होते!

निवृत्त होण्याआधी मी कपड्यांच्या खोलीत एक स्टूल ठेवून घेतले आणि दाराला आतून कडी बसवली. चहा मग तिथेच धाडू लागले.