अकरा मसाल्यांचें रहस्य

इ. स. २००८ च्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत, लुईव्हिल शहरीं, एक अपूर्व मिरवणूक निघाली. पोलिसांच्या पहाऱ्यांत एक चिलखती मोटार चाललेली, आणि आंत एक रक्षक स्वतःच्या मनगटाला बेडीनें जखडलेली पेटी घेऊन बसलेला. पेटींत रत्नें नव्हतीं, राज्यकारभाराचीं खलबतें नव्हतीं. पिवळा पडलेला एक कागद होता, व त्यावर शिसपेनीनें लिहिलेली, खालीं सही असलेली, कोंबडी तळण्याच्या मसाल्याची यादी होती. जुनी तिजोरी काढून अधिक बळकट अशी नवी बसवावयाची म्हणून केंटकी फ्राइड चिकन कंपनीनें हा कागद कांहीं महिने अज्ञातवासांत पाठविला. फेब्रुवारी २००९ मध्यें तो परत आला. जाण्याची व येण्याची वार्ता कंपनीनें स्वतःच वर्तमानपत्रांना दिली. गुप्त वस्तु हलवावयाची आणि ती वाजतगाजत, ही रीत पाहून कोणासहि हसूं येईल. परंतु तिच्यांत मूर्खपणा मुळींच नव्हता.

कंपनीच्या सांगण्याप्रमाणें त्या यादींत अकरा मसाले आहेत, आणि पुरी यादी कोणा एकाच्या हातीं लागूं नये म्हणून मिश्रणाचें काम दोन निरनिराळ्या कारखान्यांत वांटून दिलेलें असतें. हें रहस्य फोडण्याचा ध्यास आजवर पुष्कळांनीं घेतला. त्यांच्या खटपटींची हकीकत मनोरंजक आहे, पण तिच्या आधीं ज्या माणसाचा हा मसाला त्याची ओळख करून घेणें अवश्य आहे. कारण आमच्या मतें कागदाच्या मागें लागलेल्या मंडळींनीं ही चव भलत्याच जागीं शोधली.

हार्लंड सँडर्स ह्याचा जन्म इंडियाना संस्थानांत ९ सप्टेंबर १८९० रोजीं झाला. तो पांच वर्षांचा असतांना बाप वारला. आई मजुरीसाठीं बाहेर जाई आणि धाकट्या भावंडांचा सैंपाक ह्या पोराच्या गळ्यांत पडे. शाळा लवकरच सुटली. पुढें शेतावरचा गडी, आगगाडीच्या एंजिनावरील कोळसेवाला, लहान कोर्टांतील वकील, विम्याचा दलाल, टायर विकणारा फिरता विक्रेता, अशीं नाना सोंगें त्यानें घेतलीं. त्यांतलीं कांहीं त्याच्या तापट स्वभावापायींच सुटलीं. १९३० सालीं, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यानें कॉर्बिन गांवाजवळ हमरस्त्यावरचा पेट्रोलचा पंप चालविण्यास घेतला. वाटसरू भुकेले येत. त्यांना तो आपल्याच बिऱ्हाडांतील जेवणाच्या टेबलावर बसवून घरचें अन्न वाढी. ह्या एका टेबलापासून मोठी खाणावळ उभी राहिली. १९३५ मध्यें केंटकीच्या गव्हर्नरानें त्याला ‘कर्नल’ केलें. ह्या कर्नलाला पलटण नव्हती. आपल्याकडील रावसाहेबकीसारखीच ही शोभेची पदवी. १९३९ सालीं डंकन हाइन्स ह्या प्रख्यात प्रवाश्यानें आपल्या खाणावळींच्या मार्गदर्शक पुस्तकांत तिची शिफारस केली आणि नांव सर्वदूर झालें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तळलेली कोंबडी हा सँडर्सचा शोध नव्हे. मेरी रँडॉल्फ ह्या बाईंच्या १८२४ सालीं छापलेल्या व्हर्जिनियांतील पाकशास्त्राच्या पुस्तकांत ती कृति आलेली आहे: कोंबडीचे तुकडे करावे, पिठांत घोळवावे, मीठ लावावें, आणि चरबींत तळावे. एवढेंच. पुस्तक यजमानिणीच्या नांवावर असलें तरी दक्षिणेकडील असल्या घरांत चुलीपाशीं उभ्या असत त्या गुलाम स्त्रिया, आणि ही विद्या त्यांच्या हातांत वाढली. यादवी युद्धानंतर त्या मोकळ्या झाल्या तेव्हां हीच विद्या त्यांच्या उपजीविकेला आली. व्हर्जिनियांतील गॉर्डन्सव्हिल स्टेशनांत गाडी थांबली, कीं डोक्यावर थाळे घेतलेल्या काळ्या बायका डब्यांच्या खिडक्यांपाशीं येऊन तळलेली कोंबडी विकीत. त्या पैशांतून कित्येकींनीं घरें बांधलीं. आणि ज्या कॉर्बिन गांवीं ह्या पदार्थाला पुढें जगाची बाजारपेठ लाभली, त्या गांवच्या गोऱ्या जमावानें १९१९ च्या ऑक्टोबरांत काळ्या रहिवाश्यांना आगगाडींत कोंबून हांकून दिलें होतें. सँडर्स त्यानंतर अकरा वर्षांनीं तेथें आला. त्या पापाचा तो वांटेकरी नव्हे. परंतु कोणाची पाककृति कोणाच्या तिजोरींत जाऊन बसते, हा विचार करतांना हा तपशील नजरेआड करतां येत नाहीं.

मग सँडर्सचें स्वतःचें असें काय होतें? त्याचें उत्तर मसाल्यांत नसून भांड्यांत आहे. लोखंडी पसरट तव्यांत कोंबडी नीट तळण्यास अर्धा तास लागे, आणि वाटसरूला इतका दम निघत नसे. खोल तेलांत सोडली तर लौकर होई, पण कोरडी पडे. आधींच तळून ठेवावी तर रात्रीं उरलेली फेंकून द्यावी लागे. १९३९ च्या सुमारास प्रेशर कुकर बाजारांत नवीनच आले होते, ते भाज्या वाफविण्यासाठीं. सँडर्सनें त्यांत तेल घालून कोंबडी तळण्याचा घाट घातला. उघड्या कढईंत मांसांतील पाणी शंभर अंशांवर उकळून वाफ होऊन निघून जातें. झांकण घट्ट असलें व आंत दाब चढला, कीं पाण्याचा उत्कलनबिंदु वर सरकतो, वाफेचें उधळणें आवरतें, रस मांसांतच राहतो आणि उष्णता भराभर आंतपर्यंत पोंचते. तेल किती, ताप किती, दाब किती, वेळ किती, ह्यांचा मेळ बसविण्यास त्याला बरेच प्रयोग करावे लागले. अखेर आठ-नऊ मिनिटांत कोंबडी तयार होऊं लागली. अकरा मसाल्यांचें प्रमाण त्यानें ठरविलें तें १९४० मध्यें, म्हणजे ह्याच्या नंतर.

१९५२ सालीं सॉल्ट लेक सिटींतील पीट हार्मन ह्या खाणावळवाल्यास त्यानें ही कृति शिकविली. ‘केंटकी फ्राइड चिकन’ हें नांव तेथेंच एका पाटी रंगविणाऱ्यानें सुचविलें. पुढें नवा मोठा रस्ता कॉर्बिन टाळून जाणार असें ठरलें, गिऱ्हाईक आटलें, आणि १९५६ मध्यें खाणावळीचा लिलांव झाला. देणीं फेडल्यावर वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं सँडर्सच्या हातीं थोडीशी शिल्लक व सरकारी पेन्शनीचे दरमहा १०५ डॉलर एवढेंच उरलें. तेव्हां मोटारींत कुकर व मसाल्याच्या पुड्या टाकून तो गांवोगांव फिरूं लागला. खाणावळींत जाऊन कोंबडी तळून दाखवावी, मालकास आवडली तर करार करावा, दर कोंबडीमागें चार-पांच सेंट घ्यावे, असा व्यवहार. घरीं त्याची दुसरी पत्नी क्लॉडिया मसाला कालवून पुड्या बांधी व टपालानें पाठवी. हें ध्यानांत धरण्यासारखें आहे. परवानेदाराला मसाल्याची यादी कधींच दिली जात नसे, तयार पूड मिळे. यादी दिली असती तर तो पुढच्या महिन्यापासून पैसे देता ना! रहस्य राखण्याचें मूळ कारण तें. जिभेशीं त्याचा संबंध थोडा, हिशेबाच्या वहीशीं फार.

हीच गोष्ट कायद्याच्या बाजूनेंहि पाहण्यासारखी आहे. दाबाखालीं कोंबडी तळण्याच्या कृतीचें पेटंट सँडर्सनें मागितलें व तें १९६६ सालीं त्यास मिळालें. पेटंटाचा नियम असा, कीं कृति जगासमोर उघड लिहून द्यावी, तिच्या मोबदल्यांत कांहीं ठराविक वर्षें सरकार तिचें रक्षण करील, आणि मुदत सरली म्हणजे ती सर्वांची होईल. त्या काळच्या कायद्यानें मंजुरीपासून सतरा वर्षें, म्हणजे १९८३ पर्यंतच तें रक्षण होतें. गुपिताला मुदत नसते. तें राखाल तोंवर तुमचें. चोरणाऱ्यास कायदा शिक्षा करील, परंतु कोणी आपल्या बुद्धीनें चाखून, तपासून तें ओळखलें तर त्याला दोष नाहीं. एवंच, ज्या भागांत खरी कल्पकता होती तो भाग छापून प्रसिद्ध झाला, आणि मिरीमोहरीची यादी तेवढी तिजोरींत गेली.

१९६४ सालीं सँडर्सनें वीस लक्ष डॉलरांना धंदा विकला. दुकानें तेव्हां सहाशेंवर होतीं. पांढरा पोशाख व बकरदाढी ह्यांसह त्याचा चेहराहि सौद्यांत गेला. तो पगारी प्रचारक झाला. १९७१ मध्यें ह्यूब्लाइन कंपनीनें तोच धंदा साडेअठ्ठावीस कोटींस घेतला, आणि म्हातारा व मालक ह्यांच्यांत ठिणगी पडली. दुकानांची अचानक तपासणी करावी, रस्सा चाखावा आणि मनास न आल्यास मालकासमोरच शिव्या द्याव्या, हा त्याचा क्रम. पत्नीच्या नांवानें त्यानें शेल्बीव्हिल येथें निराळी खाणावळ काढली, त्यावरून कंपनीशीं कज्जा झाला. तो तडजोडीनें मिटला. १९७५ सालीं त्यानें वर्तमानपत्राच्या बातमीदाराजवळ सांगितलें, कीं कंपनीचा रस्सा म्हणजे पाणी, पीठ आणि स्टार्च. भिंतीला कागद चिकटविण्याची खळ! बोलिंग ग्रीन येथील परवानेदार दुकानानें त्याबद्दल अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली. त्याचे शब्द त्या विशिष्ट दुकानाला उद्देशून नव्हते, असें ठरवून १९७८ मध्यें केंटकीच्या वरिष्ठ न्यायालयानें ती फेंटाळली. कागद कंपनीजवळ होता, मसाला तोच होता, आणि ज्याची चव तो माणूस ती आपली म्हणून ओळखावयास तयार नव्हता. ह्याहून बोलका पुरावा आम्हांस तरी दुसरा दिसत नाहीं. सँडर्स १६ डिसेंबर १९८० रोजीं वारला.

आतां रहस्यभेदाचे प्रयत्न. विल्यम पाउंडस्टोन ह्या लेखकानें कोंबडीला लावण्याच्या कोरड्या मिश्रणाचा नमुना मिळवून प्रयोगशाळेंत तपासविला व १९८३ च्या आपल्या पुस्तकांत निष्कर्ष छापला. सांपडले ते पदार्थ चार: मैदा, मीठ, काळी मिरी आणि मोनोसोडियम ग्लूटामेट. बाकीच्यांचा मागमूस नाहीं! अत्यल्प प्रमाणांतले मसाले तपासणींतून निसटूं शकतात, हें कबूल. पण जे इतके अल्प आहेत त्यांच्यासाठीं चिलखती मोटार कशाला, असा प्रश्न उरतोच. मिरी व हें चौथें द्रव्य वगळा, कीं राहतें तें मेरीबाईंच्या १८२४ च्या पुस्तकांतलें पीठ-मीठ.

हें चौथें द्रव्य आपल्याकडे अजिनोमोटो ह्या व्यापारी नांवानें ओळखतात. टोकियोच्या किकुनाए इकेडा ह्या रसायनज्ञानें १९०८ सालीं समुद्रशेवाळाच्या कढांतून तें वेगळें काढलें. त्याला स्वतःचा दर्प नाहीं. मांसाची रुचि मात्र तें गडद करतें. ह्या द्रव्यापायीं कंपनीचें नांव हिंदुस्थानांतहि गाजलें. जून १९९५ मध्यें बंगळूर येथें तिचें देशांतील पहिलें दुकान उघडलें, तेव्हां प्रा. नंजुंडस्वामी ह्यांच्या कर्नाटक राज्य रयत संघानें विरोधाचें निशाण उभारलें. सप्टेंबरांत महापालिकेनें परवाना रद्द केला. कारण दिलें तें असें, कीं ग्लूटामेटची मर्यादा शेंकडा १ असतां नमुन्यांत तें शेंकडा २·८ निघालें. उच्च न्यायालयाच्या हुकुमानें दुकान पुन्हां उघडलें, व जानेवारी १९९६ मध्यें आंदोलकांनीं तें फोडलें. शेतकऱ्यांचा खरा रोष परदेशी भांडवलावर होता, ग्लूटामेट हें निमित्त, असें आमचें मत आहे. पण अकरा मसाले लुईव्हिलच्या तिजोरींत निर्धास्त पडलेले असतां, ज्याला कोणी मसाला म्हणत नाहीं तें द्रव्य बंगळुरांत चव्हाट्यावर आलें, हा योग मोठा गमतीचा!

सर्वांत गाजला तो २०१६ चा प्रसंग. ‘शिकागो ट्रिब्यून’ पत्राचा बातमीदार कॉर्बिन येथें गेला असतां क्लॉडियाबाईंच्या भाच्यानें त्याला घरची चिकटवही दाखविली. तींत बाईंचें मृत्युपत्र होतें व त्याच्या पाठीमागें हातानें लिहिलेले अकरा मसाले, दोन कप मैद्यांत मिसळावयाचे: मीठ दोन-तृतीयांश चमचा, थाइम व बेझिल प्रत्येकीं अर्धा, ओरेगॅनो एक-तृतीयांश; सेलेरीचें मीठ, काळी मिरी, मोहरीची पूड व सुंठ प्रत्येकीं एक; लसणीचें मीठ दोन, पांढरी मिरी तीन, आणि पॅप्रिका, म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, चार. चमचा मोठा कीं लहान ह्याचा खुलासा कागदावर धड नव्हता. पोरवयांत आपण हा मसाला कालविला आहे व पांढरी मिरी हें त्याचें मर्म, असें भाच्यानें सांगितलें. मात्र हीच ती यादी काय, म्हणून खोदून विचारतां त्याचा स्वर जरा नरमला. कंपनीनें नेहमींचें उत्तर दिलें: असे दावे पुष्कळ झाले, खरा एकहि नाहीं.

पत्राच्या पाकशाळेनें ती यादी करून पाहिली. चमचा मोठाच धरला. तुकडे ताकांत भिजविले, पिठाचा थर एकदांच दिला, तेल ३५० फॅरनहाइट, म्हणजे सुमारें १७५ सेंटिग्रेड, ठेवलें. कोंबडी उत्तम झाली, तरी दुकानांतल्या चवीला कांहींतरी कमी पडे. मग कोणीतरी वरून ग्लूटामेटची चिमूट भुरभुरली, आणि दोहोंत भेद राहिला नाहीं, असा त्यांचा निर्वाळा आहे.

ज्यांच्या घरीं मांसाहार चालतो त्यांना वरील प्रमाणानें हा प्रयोग सहज करतां येईल. थाइम, ओरेगॅनो आतां मोठ्या शहरांतून मिळतात, आणि न मिळाल्यास पांढरी मिरी व मीठ ह्यांवर बहुतेक भागतें. तळावें मात्र उघड्या कढईंत. घरच्या कुकरांत तेल तापवून झांकण लावण्याचें साहस कोणीं करूं नये. त्याचें रबर व शिटी वाफेसाठीं केलेलीं असतात, कढत तेलासाठीं नव्हे, आणि असें भांडें फुटलें म्हणजे माणूस भाजून निघतो. त्या कामाचीं जाड यंत्रें निराळीं असतात व तीं दुकानांतच शोभतात.