अडॉल्फ सॅक्स : कारागीर आणि कज्जे



वाद्यांना बहुधा आईबाप नसतात. सनई प्रथम कोणी केली, तंबोऱ्याचा भोपळा प्रथम कोणी कोरला, असे विचारू गेल्यास एखादी देवादिकांची कथा तेवढी ऐकावयास मिळते. सॅक्सोफोनचे तसे नाही. त्याच्या नावातच त्याच्या बापाचे नाव आहे. मुंबईच्या चित्रपटांतील वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी हे वाद्य वर्षानुवर्षे वाजविले आणि आपण ते रेडिओवर ऐकले. परंतु हा सॅक्स कोण, आणि जन्मभर कोणाशी भांडत होता, याची चौकशी आपणांपैकी थोड्यांनीच केली असेल. आम्हीही केली नव्हती. आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या सभा भरविण्यात आणि न्यायालयाच्या बाकांवर तारखा मोजण्यात गेले. सॅक्सकडे आम्ही वळलो ते त्याच्या कोर्टकज्ज्यांमुळे, हे आधीच कबूल केलेले बरे.

अडॉल्फ सॅक्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८१४ रोजी, आज बेल्जममध्ये असलेल्या दिनां या गावी झाला. म्यूझ नदीकाठचे हे गाव तांब्यापितळेच्या कामासाठी मध्ययुगापासून इतके नावाजलेले, की फ्रेंच भाषेत अशा कामाला त्या गावाचेच नाव पडले आहे. पुण्याच्या तांबट आळीतील ठोक्यांचा नाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या गावाची कल्पना सहज येईल. सॅक्सचा बाप मूळचा लाकूडकाम करणारा. पुढे त्याने ब्रुसेल्स येथे वाद्यांचा कारखाना काढला. पोर त्या कारखान्यातच वाढले. ते जिन्यावरून पडले, आम्ल मिसळलेले पाणी प्याले, बंदुकीच्या दारूने भाजले. शेजारी त्याला भूत म्हणत. चरित्रकार या गोष्टी गमतीने सांगतात. आम्हांस त्यांत गंमत दिसत नाही. आम्ल, भट्टी आणि वार्निशाची वाफ यांच्यात जे पोर निजते, त्याच्या वाट्याला दुसरे काय यावयाचे?

बापाच्या हाताखाली तो वाजवावयास आणि घडवावयासही शिकला. १८३८ साली त्याने खर्जातल्या क्लॅरिनेटची नवी रचना करून तिचे पेटंट घेतले. नळी पितळेची की लाकडाची यावर नाद ठरत नाही, आतल्या हवेच्या स्तंभाचा आकार कसा आहे यावर तो ठरतो, हे त्याचे ठाम मत होते. सॅक्सोफोन हे त्याच मताचे फळ होय. क्लॅरिनेटची नळी सरळ, एकसारख्या रुंदीची असते. जोराने फुंकली की स्वर सप्तकापेक्षाही वर, बाराव्या स्वरावर उडी घेतो. आपली सनई वरून खाली रुंद होत जाते, म्हणून तिचा स्वर नेमका वरच्या सप्तकात जातो. सॅक्सने पितळेची नळी सनईसारखी रुंद होत जाणारी केली, तिच्या तोंडाशी क्लॅरिनेटसारखी बोरूची एकेरी पत्ती बसविली, आणि भोकांवर चाव्या चढविल्या. पितळेचा आवाज आणि लाकडी वाद्याचे मार्दव एका नळीत आले.

१८४२ साली तो पॅरिसला गेला. संगीतकार बेर्लिओझ याने त्याच वर्षीच्या जूनमध्ये वृत्तपत्रात लेख लिहून या वाद्याची वाहवा केली. २२ एप्रिल १८४५ रोजी शां द मार्स या मैदानावर जुन्या पद्धतीच्या लष्करी बॅण्डची आणि सॅक्सच्या बॅण्डची उघड चढाओढ झाली. समोर ४५ वादक. सॅक्सचे सात आयत्या वेळी आलेच नाहीत, म्हणून ३८. ते सात का आले नाहीत हे आम्ही सांगावयास नको. संप फोडणारे ज्यांनी पाहिले आहेत त्यांनी ओळखावे. तरीही लोकांनी कौल सॅक्सला दिला, आणि सरकारने त्याची वाद्ये लष्करात घेतली. १८४६ साली सॅक्सोफोनचे पेटंट मिळाले.

येथून कज्जे सुरू होतात. पॅरिसचे वाद्यकारखानदार एकत्र आले आणि या पेटंटांत नवीन काहीच नाही, ती रद्द करावीत, म्हणून त्यांनी दावे लावले. एकजूट हा शब्द आम्ही तीस वर्षे दारोदार सांगत हिंडलो. येथे तीच एकजूट एका माणसाच्या मानेवर बसलेली पाहून आम्हांस क्षणभर काही सुचेना. सॅक्सही गरीब गाय नव्हता. तोही मालक होता, राजाच्या दरबारी त्याचे वजन होते, आणि प्रतिपक्षावर दावे गुदरण्यात तो कोठेच मागे राहिला नाही. १८४८ च्या क्रांतीत तो राजा गेला, आश्रयही गेला. १८५२ साली सॅक्सचे दिवाळे वाजले, आणि दाव्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला तो १८५४ साली! त्याच सुमारास ओठावर गाठ आली. फुंकून वाजविणाऱ्याच्या ओठावर. पाच-सहा वर्षे ती राहिली आणि मग बरी झाली.

एक गोष्ट आम्हांस सतत टोचत राहिली. त्या नळ्या ज्यांनी वळविल्या, चाव्यांचे सांधे ज्यांनी घासले, त्या कारागिरांचे नाव पेटंटात नाही. आमच्या ओळखीच्या एका फिटराने एका कारखान्यात अशी जिग बनविली, की तीन माणसांचे काम एक माणूस करू लागला. त्याला बक्षीस म्हणून भिंतीवरचे घड्याळ मिळाले, आणि दोघे सोबती कामावरून कमी झाले. ते घड्याळ त्याने घरात कधी लावले नाही. सॅक्सच्या कारखान्यात असे किती फिटर असतील? ज्या सॅक्सने आपल्या कल्पनेसाठी वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या, त्याला तरी हा प्रश्न पडला असेल का?

१८५७ पासून तो पॅरिसच्या संगीतविद्यालयात लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवीत असे. १८७० साली जर्मनांशी युद्ध पेटले आणि तो वर्गही बंद पडला. पेटंटाची मुदत १८६६ साली संपली होती. आता कोणीही हे वाद्य करू शकत होता. १८७३ साली दुसरे दिवाळे, १८७७ साली तिसरे. देशोदेशींची वाद्ये त्याने हौसेने जमविली होती, तीही त्या वर्षी लिलावात निघाली.

१८८८ च्या सुमारास अमेरिकेतील एल्खार्ट गावी, कॉनच्या कारखान्यात, फर्डिनंड बुशर नावाच्या कारागिराने त्या देशातला पहिला सॅक्सोफोन तयार केला. पुढे त्याने स्वतःचा कारखाना काढला, आणि त्या गावचे सॅक्सोफोन अमेरिकेच्या बॅण्डांतून वाजू लागले. एल्खार्टला पहिला सॅक्सोफोन घडला तेव्हा सॅक्स पॅरिसमध्ये हयात होता. तो ७ फेब्रुवारी १८९४ रोजी वारला. त्याला मोंमार्त्रच्या दफनभूमीत पुरले आहे.