तिवारीचं काम

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी परळला साचेखात्यात होतो आणि रात्री नाटकात. कामगार रंगभूमी म्हणजे काय, हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं. पाळी सुटली की अंगावरचा कापूस झटकायचा नि तालमीला पळायचं. दामोदर हॉलला प्रयोग असला की अख्खी चाळ हजर. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेसाठी तर आम्ही जीव टाकायचो. मी नायक कधीच झालो नाही. पोलीस, सावकार, खोकणारा बाप, ही आपली कामं. संपात अडीच लाख माणसं बाहेर पडली, त्यातली कितीतरी पुन्हा आत गेलीच नाहीत. मीही बोचकं बांधलं, विरारहून शटल धरली नि बोईसरला उतरलो.

गाव ओळखू येत नव्हतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ सालीच सुरू झालं होतं, पाठोपाठ एमआयडीसी आली. भाताच्या खाचरांत शेड उभ्या राहिल्या. पोरांना काम मिळालं, ते खरं. पण मांगेल्याचा पोर, वारल्याचा पोर आणि युपीतून आलेला पोर एकाच मशीनवर उभे राहूनही एकमेकांना नावानं हाक मारत नव्हते. युपीवाले सगळे ‘भैया’. मला नाटकाशिवाय येत काय होतं? शाळेच्या पडवीत तालीम सुरू केली. सेकंड शिफ्टवाला आला तर फर्स्टवाला झोपलेला, असा कारभार.

१९९२ ला ‘छोडो भारत’ला पन्नास वर्षं झाली. आम्ही १४ ऑगस्ट १९४२ चं नाटक बसवलं. त्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं पालघरच्या कचेरीवर चालून गेली, गोळीबार झाला आणि पाचजण पडले. तालमीत पोरं मरताना लांबलचक भाषणं ठोकायची. एक दिवस शेजारचे म्हातारबा बघायला बसले. म्हणाले, “अरे, गोळी लागल्यावर कोण बोलतो? आम्ही तर पळालो.” एवढंच बोलून काठी टेकत गेले. मी भाषणं कापली.

मग सगळ्यांना घेऊन पालघरला हुतात्म्यांची नावं वाचायला गेलो. सातपाटीचे पागधरे, नांदगावचे ठाकूर, मुरब्याचे चुरी, सालवडचे मोरे. पाचवे पालघरचेच, तिवारी. आमच्यात एक उंचापुरा युपीचा पोर होता, उंचीमुळे मी त्याला गोऱ्या साहेबाचं काम दिलं होतं. त्यानं ते नाव बोट ठेवून दोनदा वाचलं. परतीच्या गाडीत म्हणाला, “काका, साहेब मी नाय करत. तिवारी करतो.”

गावातल्या दोघा जाणत्यांनी मला बाजूला घेतलं. काम आपल्या पोराला द्या, तो भैया मराठी काय बोलणार? मी तेव्हा गप्प बसलो, हे लिहायलाच हवं. दोन दिवस त्या पोराला टाळलं. गिरणगावात माझ्या शेजारच्या साच्यावर जौनपूरचा माणूस होता, संपात त्याच्या डब्यातलं मी खाल्लं होतं. तरी गप्प बसलो. शेवटी मुरब्याच्याच एका पोरानं तोंड उघडलं: “दादा, मरणाऱ्याला वाक्यच नाय ना आता. तुम्हीच कापलीत. मग मराठीचं काय अडलं?”

प्रयोगाला पाऊस होता. पेट्रोमॅक्स दोनदा विझली, साहेबाचं काम ऐनवेळी मलाच करावं लागलं. म्हणजे पुन्हा पोलीसच. तिवारी पडला तेव्हा बायकांच्या घोळक्यातून एक हुंदका आला. पलीकडे ते दोघं जाणते छत्री धरून उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही ते मला दिसलं नाही. त्या पोराला रात्री अकराची पाळी होती. शर्टावर कुंकवाचं रक्त तसंच ठेवून तो सायकलवर बसला. गेटवर अडवतील, शर्ट बदल, असं मी ओरडलो. मुरब्याचा पोर त्याच्या मागं कॅरिअरवर बसून छत्री धरत होता, त्यालाही तीच पाळी होती.