विलायती श्वान आणि देशी गोचीड

यशवंतपूरहून मिरज-पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी एक पेटी असते. धनी कुत्र्याचे भाडे भरतो. त्याच्या कानामागे चिकटलेल्या गोचिडीला मात्र तिकीट कोणी विचारीत नाही. या फुकट्या प्रवाशाच्या इतिहासातील मोठे प्रकरण यशवंतपुरापासून एका रात्रीच्या प्रवासावर, मद्रासेस घडले.

मद्रासच्या साहेबलोकांना मायदेशासारखी शिकार हवी होती. त्यासाठी विलायती शिकारी कुत्री बोटीने येत. तिकडे ती खोकडामागे धावत, इकडे कोल्ह्यामागे. पण येथील गोचिडीशी त्यांची पिढीजात ओळख नव्हती. ताप चढे, हिरड्या पांढऱ्या पडत, कधी लघवी लाल होई. तांबड्या पेशींत शिरून त्या फोडणारा एक सूक्ष्म परोपजीवी हे त्याचे कारण. तो गोचिडीतून पसरतो, हे लाउन्सबरी यांनी दक्षिण आफ्रिकेत 1901 साली दाखविले होते. पुढे हिवतापाच्या संशोधनामुळे ख्यातनाम झालेल्या ख्रिस्तोफर्स यांनी मद्रासेस काम करून गोचिडीच्या देहातील त्याचे जीवनचक्र 1907 मध्ये प्रसिद्ध केले.

एवढ्याने कोडे सुटले असे वाटावे, तोच 1910 मध्ये पॅटन यांनी पॅरिसच्या एका नियतकालिकात नवेच वर्तमान दिले. मद्रास हंटच्या कुत्र्यांच्या रक्तात त्यांना निराळा, अधिक लहान परोपजीवी सापडला होता. पहिला पेअर फळाच्या आकाराचा, बहुधा जोडीने दिसणारा; हा बारीक अंगठीसारखा. आणि मग तोच कोल्ह्याच्या रक्तातही आढळला! ज्याच्या पाठीवर कुत्री सोडायची, त्याच्याच रक्तात त्यांचा रोग. शिकार कोण कोणाची करीत होते, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

या परोपजीवीस ‘गिब्सोनी’ असे नाव मिळाले. मोठ्या जातीवर नटॉल आणि हॅडवेन यांनी 1909 मध्ये ट्रायपॅन ब्ल्यू या निळ्या रंगाचा उतारा शोधला होता. गिब्सोनी मात्र औषधांना सहसा दाद देत नाही. बरे दिसणारे कुत्रेही तो रक्तात बाळगून असते. म्हणून प्रवासापूर्वी अंगावरील गोचिडी वेचल्या तरी काम पुरे होत नाही; रक्तही तपासावे लागते. यशवंतपुराजवळ हेब्बाळ येथे 1958 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि दक्षिणेतील शहरांत हा रोग आजही भेटतो.

आज तो जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतही आहे. अमेरिकेत तर झुंजीच्या कुत्र्यांत चाव्यातून, गोचिडीवाचूनही, तो पसरलेला दिसतो.