वाहनतोडणी व्यवसायातील कामगार-नुकसानभरपाई

जुनी वाहने सुटी करून सुटे भाग व भंगार विकणाऱ्या व्यवसायातील कामगारास कामावरील अपघात वा व्यवसायजन्य रोगाबद्दल मालकाकडून मिळणारी वैधानिक भरपाई आणि तत्संबंधी विमा व सुरक्षा-व्यवस्था.

उगम : कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. २०१० मध्ये त्याच्या नावात ‘कर्मचारी’ हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली (पहा : कामगार कायदे).

स्वरूप : मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५०%, तर कायम पूर्ण अपंगत्व आल्यास ६०% रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढतात. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या २५% रक्कम देय असते. हे दायित्व पेलण्यासाठी मालक सर्वसाधारण विमा कंपनीची पॉलिसी घेतो. राज्य कामगार विमा योजनेखालील कामगारास त्या योजनेतून लाभ मिळतात (पहा : राज्य कामगार विमा).

धोके व सुरक्षा : इंधनटाकीतील वाफ, गॅस कटरच्या ठिणग्या, बॅटरीतील शिसे व आम्ल, न फुटलेल्या एअरबॅग आणि जॅकवरून घसरणारी गाडी हे प्रमुख धोके होत. तोडणीपूर्वी बॅटरी काढणे आणि इंधन, तेल व वातानुकूलन-वायू काढून घेणे आवश्यक असते. शिसे-विषबाधा व्यवसायजन्य रोगांत मोडते.

महत्त्व : वाहन-भंगार केंद्रांची नोंदणी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार होते. भंगारात काढलेल्या वाहनाची नोंदणी रद्द करावी लागते (पहा : मोटार वाहन कायदा).