बर्फ आधी जोडप्यांचा होता

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं तळं १८५८च्या डिसेंबरात पहिल्यांदा स्केटिंगसाठी खुलं झालं. पार्कचं काम अजून चालूच होतं, पण थंडी पडली, पाणी गोठलं आणि लोक आले. पुढच्या हिवाळ्यांत तर हजारोंनी यायला लागले. बर्फ माणसांचं वजन पेलण्याइतका जाड झाला की पार्कातल्या उंच जागेवर एक लाल चेंडू चढवला जायचा, आणि घोड्यांच्या ट्रामगाड्या झेंडा लावून ती बातमी शहरात खालपर्यंत न्यायच्या. आजच्या भाषेत पुश नोटिफिकेशन.

एवढ्या गर्दीला नुसता खेळच ओढत होता असं मला वाटत नाही. त्या काळच्या सभ्य घरांतल्या, लग्न न झालेल्या मुलामुलीने एकत्र फिरायचं तर बरोबर कुणीतरी वडीलधारं लागायचं. बर्फावर मात्र पडायची भीती असते, आणि पडायची भीती असली की हात धरावा लागतो. त्याला कोण काय म्हणणार? बायकांसाठी 'लेडीज पाँड' म्हणून तळ्याचा वेगळा भाग राखलेला होता. विन्स्लो होमरने १८६०मध्ये 'हार्पर्स वीकली'साठी त्याचं चित्रही काढलंय. पण काही वर्षांतच ती वेगळी सोय मागे पडली. मुंबई लोकलच्या लेडीज डब्याची गोष्ट बरोबर उलटी आहे, असो.

मी इतिहासाचा माणूस नाही. शिक्षण इंजिनीअरिंगचं, नोकरी कोड लिहायची. या फंदात पडलो ते एका प्रश्नामुळे. गेल्या हिवाळ्यात मी आणि बायको न्यू जर्सीत एका फॅमिली आइस शोला गेलो, डेट म्हणून. तिला लहानपणापासून टीव्हीवर फिगर स्केटिंग बघायचं वेड, आणि एकदा तरी पात्यांचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळून बघायचं होतं. आमच्या रांगेत आम्ही सोडून प्रत्येकाच्या शेजारी नाहीतर मांडीवर एक मूल होतं. मागच्या सीटवरच्या बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, "यातलं तुमचं कोणतं?" बायको म्हणाली, "आम्हीच." त्या हसल्या. बायको मात्र पुढे बराच वेळ गप्प होती.

का, ते मला माहीत होतं. दर रविवारी साताऱ्याहून व्हिडिओ कॉल येतो आणि दहा मिनिटं झाली की आई नाहीतर मावशी विचारते, "मग, काही विशेष?" लग्नाला चार वर्षं झाली. मूल हवंय की नको, हे आमचं ठरलेलं नाही. टाळतोय असंही नाही, खरंच ठरलेलं नाही. तिला हवंसं वाटतं तेव्हा मी कच खातो, मला वाटतं तेव्हा ती. पण बर्फावरचा खेळ बघायलाही सोबत मूल लागतं, हे नवीन होतं. म्हणून शोधायला बसलो की हा खेळ मुलांचा झाला कधी. उत्तर निघालं: फार अलीकडे.

आधी बर्फाबद्दल थोडं, कारण माझ्यासारख्याचा जीव तिथेच रमतो. एकेकाळी बर्फ कापून विकला जायचा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३मध्ये 'टस्कनी' जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला, आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. लवकरच तो मुंबईलाही यायला लागला आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम मिळालं. स्केटिंग करायचं तर मात्र तळं गोठायची वाट बघणं आलं.

ती वाट संपवली जॉन गॅमजीने. हा माणूस जनावरांचा डॉक्टर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून मांस न सडता इंग्लंडला कसं आणायचं, या विवंचनेत असताना त्याला गोठवण्याची पद्धत सापडली आणि त्याने १८७६च्या जानेवारीत लंडनच्या चेल्सी भागात 'ग्लेशियेरियम' उघडलं. खाली काँक्रीट, त्यावर माती, गाईचे केस आणि लाकडी फळ्यांचे थर, त्यावर तांब्याच्या नळ्या. नळ्यांतून ग्लिसरीन, ईथर, नायट्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी यांचं थंडगार मिश्रण फिरायचं आणि वर सोडलेलं पाणी गोठायचं. प्रवेश फक्त सभासदांना, म्हणजे बड्या घरच्यांना. बर्फावरून उठणाऱ्या धुक्याने लोक कंटाळले आणि धंदा बसला. पण आज कुठल्याही रिंकखाली जा, तत्त्व तेच: पाइपांची जाळी, तिच्यातून शून्याखालचं मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल, आणि वर जेमतेम इंचभर बर्फ. दीडशे वर्षं टिकलेलं आर्किटेक्चर! माझं कोड दीड वर्ष टिकलं तरी पार्टी देतो.

बर्फ मिळाला, त्यावर नाच आणला जॅक्सन हेन्सने. हा अमेरिकन नृत्यशिक्षक. तेव्हाचं इंग्रजी वळणाचं स्केटिंग म्हणजे ताठ अंगाने बर्फावर आकृत्या कोरणं. हेन्स १८६०च्या दशकात युरोपात गेला आणि व्हिएन्नात लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, कारण तो वॉल्ट्झच्या संगीतावर स्केटिंग करायचा. आणि वॉल्ट्झ हा दोघांचाच नाच.

दोघांच्या या भानगडीने पुढे नियमकर्त्यांनाही छळलं. १९०२च्या लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स या बाईंनी नाव नोंदवलं. नियमात बायकांना मनाई लिहिलेलीच नव्हती, कारण कुणाला ते सुचलंच नव्हतं. बाई पुरुषांत दुसऱ्या आल्या. मग बायकांवर बंदी घालायची चर्चा झाली. त्यासाठी दिलेली कारणं बघा: लांब झग्यामुळे पाय दिसत नाहीत; बायकांची पुरुषांशी तुलना अवघड; आणि परीक्षकाचा एखाद्या स्पर्धक मुलीवर जीव जडलेला असू शकतो. तिसरं कारण वाचून बायको खळखळून हसली. सायर्सबाईंनी आपल्या प्रशिक्षकाशीच लग्न केलेलं होतं. १९०८च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी एकेरीत सुवर्ण आणि नवऱ्यासोबत जोडीत कांस्य मिळवलं.

यानंतर धंदेवाईक शो आले आणि तेही मोठ्यांचेच. बर्लिनची शार्लोट १९१५मध्ये न्यूयॉर्कच्या हिपोड्रोममध्ये काही आठवड्यांसाठी म्हणून आली आणि महिनोन्महिने हाउसफुल राहिली. तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेली नॉर्वेची सोन्या हेनी १९३६मध्ये हॉलिवूडला गेली, तिने आखूड झगे आणि पांढरे बूट घराघरांत पोचवले. हिटलरसोबतचं तिचं जेवण हा वेगळ्या लेखाचा विषय. १९४० ते १९५० अशी दहा वर्षं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या सेंटर थिएटरात बर्फावरच्या संगीतिका चालल्या. एकीचं नाव 'हॅट्स ऑफ टू आइस', दुसरीचं 'हाउडी, मिस्टर आइस'. युद्धाचे दिवस होते. आपल्याकडे शिवाजी मंदिरला रात्रीच्या प्रयोगाला जावं, तसा हा प्रकार असणार, असं मी तरी धरून चाललोय.

मग गावोगाव हे शो पोचले कसे? रिकाम्या खुर्च्यांमुळे. आइस हॉकीचा संघ बाहेरगावी खेळायला गेला की स्टेडियम ओस पडतं, पण बर्फ गोठवत ठेवण्याचा खर्च थांबत नाही. १९४०च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी, चॉकलेटवाल्या हर्शीतच, नऊ स्टेडियममालक जमले आणि त्यांनी स्वतःचीच मंडळी काढली: आइस कपेड्स. पडून असलेला सर्व्हर भाड्याने द्यावा तसं.

याच काळातला फ्रँक झॅम्बोनी मला सगळ्यांत जवळचा वाटतो. कॅलिफोर्नियात त्याचा लाद्यांच्या बर्फाचा कारखाना होता. फ्रिज आले तसा तो धंदा संपत चालला. शीतकरणाची यंत्रं हाताशी होती, म्हणून १९४०मध्ये घरच्यांनी रिंक काढलं. ते साफ करायला माणसांना तास-दीड तास लागायचा. झॅम्बोनीने खटपट करून १९४९मध्ये बर्फ तासणारी, धुणारी आणि नवं पाणी सोडणारी एकच गाडी बनवली. हेनी तिथे सरावाला आली, तिने गाडी बघितली आणि आपल्या शोसाठी मागवली. आमच्या शोच्या मध्यंतरात पोरांनी सगळ्यांत मोठा जल्लोष केला तो या गाडीसाठी, मिकी माउससाठी नाही.

मुलं बर्फाच्या शोची मालक झाली ती टीव्ही घरोघरी आल्यानंतर. नटूनथटून बाहेर पडणारी जोडपी संध्याकाळी घरीच बसायला लागली आणि स्टेडियमला नवा प्रेक्षक हवा होता. सर्कसवाल्या इर्विन फेल्ड यांच्या हातात १९७९मध्ये 'आइस फॉलीज' आणि 'हॉलिडे ऑन आइस'चा अमेरिकेतला धंदा आला. १९८१च्या जुलैत न्यू जर्सीतल्याच ईस्ट रदरफोर्डला त्यांनी डिस्नीच्या पात्रांचा 'वर्ल्ड ऑन आइस' सुरू केला. कार्टूनची पात्रं बर्फावर आधीही येत, पण एखाद्या प्रवेशापुरती. आता अख्खा शो त्यांचा. हिशेब साधा असावा: जोडपं दोन तिकिटं काढतं, कुटुंब चार, आणि वर पोरं खेळणी मागतात. आम्हीही फसलो. प्लास्टिकच्या शोभिवंत ग्लासात बर्फाचा गोळा घेतला. काला खट्टा नव्हताच, आणि त्या पैशांत पुण्यात दोघांचं जेवण झालं असतं.

उत्तरार्धात मात्र एक गोष्ट घडली. राजकन्या आणि राजपुत्र दोघंच उरले, दिवे मंदावले आणि त्यांनी डेथ स्पायरल घेतलं: तो एका जागी भोवरा होऊन फिरतो आणि ती त्याचा एक हात धरून, केस बर्फाला टेकतील इतकी खाली झुकून त्याच्याभोवती फिरते. या चालीचं श्रेय शार्लोटला देतात. पुढच्या रांगेतल्या पोराला नेमकी तेव्हा शू लागली होती, त्याची बहीण पॉपकॉर्न वेचत होती. बायकोने माझा हात धरला आणि संगीत संपेपर्यंत सोडला नाही. पात्यांचा करकर आवाज ऐकू येत होता.

'हॉलिडे ऑन आइस' १९४३च्या नाताळात ओहायोतल्या टोलीडोत सुरू झालेला. सोबत फिरतं रिंक असल्यामुळे तो जगभर जाऊ शकला. अमेरिकेतला धंदा विकला गेला, तरी युरोपातला चालू राहिला आणि जर्मनीत अजून होतो. तिथे कार्टूनचा आधार घेत नाहीत. दिवे, संगीत, कसरती आणि जोड्या. बायकोने हॅम्बुर्गच्या तारखा बघून ठेवल्यात. साताऱ्याला अजून सांगितलेलं नाही.